तोंड उघडं का राहतं, ते आधी बघू

प्रश्न : आम्ही प्रकाशा (ता. शहादा, जि. नंदुरबार) इथे राहतो. माझा मुलगा सात वर्षांचा आहे, दुसरीत जातो. त्याचं तोंड कायम उघडं असतं. झोपेत घोरतो, सकाळी उशी लाळेने ओली असते. वरचे पुढचे दात पडून नवे अर्धे आलेत. पण दात मिटले तरी पुढे फट राहते आणि गिळताना जीभ त्या फटीतून पुढे येते. भाकरी चावायचा त्याला भारी कंटाळा. वरणात कुस्करून दिली तरच जेवतो. मोबाइलवर एक व्हिडिओ पाहिला. रोज दहा मिनिटं तोंडाचे व्यायाम केले की जबडा रुंद होतो, पुढे तारा लावाव्या लागत नाहीत, असं त्यात सांगितलंय. सोबत रबराचं एक यंत्र विकत घ्यायला सांगतात. खरंच व्यायामाने जबडा घडतो का?

माझी धाकटी चार वर्षांची आहे. ती 'रिक्षा'ला 'लिक्षा' म्हणते. सासूबाई तिच्या जिभेला वेखंड उगाळून लावतात. तिलाही हेच व्यायाम द्यायचे का? आणि माझा भाचा पंधरा वर्षांचा आहे. सुपारीच्या पुड्या खायची सवय लागलीय. हल्ली त्याला पाणीपुरी तोंडात घालता येत नाही, मोठा घास घेता येत नाही. त्याच्यासाठी काही व्यायाम आहे का?

— एक वाचक भगिनी, प्रकाशा

उत्तर : ताई, तुमच्या पत्रात तीन मुलं आहेत आणि तिघांचे त्रास वेगवेगळे आहेत. व्हिडिओवाले तिघांनाही 'तोंडाचे व्यायाम' हे एकच औषध देतील. मला तसं करता येणार नाही. मुलापासून सुरुवात करते, कारण त्याच्या बाबतीत वेळ दवडू नये असं मला मनापासून वाटतं.

सात वर्षांचं मूल दिवसरात्र तोंड उघडं ठेवतं, तेव्हा ओठांचे स्नायू कमजोर आहेत असं लगेच ठरवू नका. आधी नाक बघा. नाकातून श्वास पुरत नसेल तर ते मूल तोंड उघडणारच. त्याला दुसरा मार्गच नाही. अशा मुलाला 'तोंड मीट' असं शंभरदा बजावणं म्हणजे त्याच्यावर अन्याय आहे. आणि झोपेत ओठांना पट्टी चिकटवायची एक टूम सध्या मोबाइलवर फिरतेय, ती मुलावर चुकूनही करू नका. नाक बंद असलेल्या मुलाच्या तोंडाला पट्टी लावली तर श्वासाची उरलेली वाटही आपणच बंद करतो.

नाक तुंबण्याची या वयातली दोन मोठी कारणं म्हणजे ॲलर्जीची सर्दी आणि ॲडेनॉइड. नाकाच्या मागच्या टोकाला, पडजिभेच्या वर, टॉन्सिलसारख्याच मऊ पेशींचा एक गोळा असतो, तो ॲडेनॉइड. आरशात तो दिसत नाही. साधारण तीन ते सात वर्षांच्या दरम्यान तो सगळ्यात मोठा असतो आणि पुढे वयात येईपर्यंत आपोआप आक्रसतो. काही मुलांत तो इतका वाढतो की मागची वाटच अडवतो. कोपनहेगनच्या विल्हेल्म मेयर या डॉक्टरांनी १८६८ मध्ये हे पहिल्यांदा नीट मांडलं. ऐकू कमी येणारी, नाकात बोलणारी, सदा तोंड उघडं ठेवणारी मुलं त्यांनी तपासली आणि या सगळ्याचं मूळ नाकामागच्या त्या गोळ्यात आहे हे दाखवून दिलं. ऐकू कमी येण्याचा यात काय संबंध, असं वाटेल. कानातून घशाकडे येणारी नळी नेमकी तिथेच उघडते. ॲडेनॉइडने ती दाबली की कानात पाणी साचतं. तुमच्या मुलाला टीव्हीचा आवाज मोठा लागतो का, मागून हाक मारली तर तो वळून बघतो का, याकडे लक्ष ठेवा.

घरच्या घरी दोन गोष्टी करून बघता येतील. त्याला सर्दी नसेल त्या दिवशी खिशातला छोटा आरसा किंवा स्टीलची कोरडी चकचकीत ताटली त्याच्या नाकाखाली आडवी धरा आणि तोंड मिटून नाकातून श्वास सोडायला सांगा. दोन्ही नाकपुड्यांखाली वाफेचे दोन ठसे उमटायला हवेत. एकच उमटला, किंवा दोन्ही पुसट उमटले, तर ते लिहून ठेवा. दुसरं म्हणजे त्याला घोटभर पाणी तोंडात धरायला सांगा. गिळायचं नाही, ओठ मिटलेले, आणि तुम्ही घड्याळ बघायचं. दोन मिनिटं तो निवांत बसला, तर नाक बऱ्यापैकी चालू आहे. तोंड उघडं राहतं ते सवयीने. अर्ध्या मिनिटात तगमग होऊन त्याने पाणी गिळलं किंवा थुंकलं, तर दातांच्या डॉक्टरांआधी कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवा. ही काही पक्की तपासणी नव्हे, पण पहिल्यांदा कुठे जायचं ते यातून समजतं.

घोरण्याबद्दल तुम्ही एका ओळीत लिहिलंत, पण मला तेच जास्त महत्त्वाचं वाटलं. मूल रोज रात्री घोरत असेल, घोरता घोरता क्षणभर श्वास थांबून मग दचकून सुरू होत असेल, मान मागे टाकून झोपत असेल, झोपेत घामाघूम होत असेल, बंद झालेलं अंथरूण ओलं करणं पुन्हा सुरू झालं असेल, तर त्याच्या झोपेत श्वास अडतो आहे. शंभर मुलांत साधारण एक ते पाच मुलांना हा त्रास असतो. अशी मुलं दिवसा पेंगतातच असं नाही. उलट चिडचिडी होतात, एका जागी बसत नाहीत. शाळेत 'लक्ष देत नाही' अशी तक्रार येते आणि मार बसतो तो मुलाला. यावर उपाय आहेत. कधी नाकात मारायचा औषधाचा फवारा पुरतो, कधी ॲडेनॉइड आणि टॉन्सिल काढावे लागतात. ते डॉक्टर ठरवतील.

आता तुमचा मूळ प्रश्न : स्नायूंनी जबडा घडतो का? घडतो. पण व्हिडिओत सांगतात तसा नाही.

ओठ मिटलेले आहेत, दात एकमेकांपासून जरासे सुटे आहेत आणि जीभ वर टाळूला टेकून पडली आहे, ही तोंडाची विश्रांतीची बैठक. 'न' म्हणताना जिभेचं टोक वरच्या दातांमागे जिथे टेकतं, तीच जिभेच्या टोकाची जागा. तुम्ही आत्ता वाचता वाचता करून बघा. या बैठकीत आतून जीभ आणि बाहेरून गाल-ओठ असा दातांवर दोन्हीकडून हलका दाब असतो. वाढत्या वयात दातांची कमान त्या दोघांच्या मधल्या जागेत बसते. तोंड सतत उघडं राहिलं की जीभ खाली पडते, टाळूला आतला आधार राहत नाही, गालांचा दाब मात्र चालूच राहतो. वरची कमान अरुंद होते, टाळू उंच आणि खोल दिसू लागतो. एगिल हार्व्होल्ड यांनी कॅलिफोर्नियात ऱ्हीसस माकडांच्या पिल्लांची नाकं सिलिकॉनच्या बुचांनी बंद करून त्यांच्या चेहऱ्यांची वाढ पाहिली होती. १९८१ मध्ये त्यांनी ते प्रसिद्ध केलं. माकडांचे जबडे आणि दात बदलले. पण सगळ्यांचे सारखे बदलले नाहीत. ज्याने जसा जबडा धरून श्वास घ्यायचं जमवलं, तसा त्याचा चेहरा घडला. म्हणून तोंडाने श्वास घेणाऱ्या प्रत्येक मुलाचा चेहरा लांबटच होणार, असली भीती मी कुणाला घालत नाही.

या सगळ्यात वेळेचा हिशेब फार मोठा आहे. अमेरिकेतले दंतव्यंगोपचार तज्ज्ञ विल्यम प्रॉफिट यांनी १९७८ मध्ये तो मांडला. दात हलायला दाब किती आहे यापेक्षा तो किती वेळ आहे हे महत्त्वाचं. रोज निदान पाच-सहा तास चालू राहणारा हलका दाब दात सरकवतो. क्षणभराचा मोठा दाब सरकवत नाही. नाहीतर ऊस सोलताना आपले दात रोज जागचे हलले असते. गिळण्याचा हिशेबही याच मापाने करा. माणूस दिवसभरात साधारण हजारभर वेळा गिळतो आणि दर वेळी जीभ दातांना जेमतेम सेकंदभर लागते. सगळं मिळून पंधरा-वीस मिनिटं झाली. एवढ्याने दात उघडे पडत नाहीत. उलट बहुतेक वेळा फट आधी असते. गिळताना तोंड पुढून बंद करायचं म्हणून जीभ त्या फटीत जाते. तुमच्या मुलाचे दात तर अजून अर्धेच आलेत, तेव्हा थोडी फट असणारच. जिभेला दोष देण्याआधी दात पूर्ण येऊ द्यात. मात्र तो अंगठा चोखत असेल तर तेवढं मला कळवा. झोपेत तासन्‌तास तोंडात राहणारा अंगठा दात नक्की सरकवतो, आणि सातव्या वर्षी ती सवय सुटायलाच हवी.

पपईच्या रोपाला काठीचा आधार दिवसातून दहा मिनिटं बांधून सोडून दिला, तर रोप सरळ वाढेल का? व्यायामाचंही तसंच आहे. दहा मिनिटांच्या व्यायामाने टाळूचं हाड रुंद होत नाही. रुंद करायची खरीच गरज असेल तर डॉक्टर वरच्या दाढांना स्क्रू असलेलं उपकरण बसवतात आणि ते काम वाढत्या वयात चांगलं होतं. मग व्यायाम कशासाठी? उरलेला दिवसभर जीभ आपल्या जागी राहावी, ओठ सहज मिटावेत, याची सवय लावण्यासाठी. सवय लागली तर तिचा फायदा चोवीस तास मिळतो. व्यायामाचं मोल मी एवढंच मानते, आणि ते कमी नाही.

ही कल्पना जुनी आहे. अल्फ्रेड रॉजर्स या अमेरिकी दंतवैद्यांनी १९१८ मध्येच चेहऱ्याच्या स्नायूंचे व्यायाम लिहून प्रसिद्ध केले. दात सरळ करायला तारांच्या जोडीला जिवंत स्नायू वापरावेत, असं त्यांचं म्हणणं होतं. पुढे शंभर वर्षांत हा विचार कधी वर आला, कधी मागे पडला. नुसत्या व्यायामाने वाकडे दात सरळ होतात, याचा भक्कम पुरावा आजही नाही. झोपेतल्या श्वासाच्या बाबतीत चित्र थोडं आशादायक आहे. २०१५ च्या एका आढाव्यात घशाच्या आणि जिभेच्या व्यायामांनी झोपेत श्वास अडण्याचं प्रमाण मोठ्या माणसांत सुमारे निम्म्याने आणि मुलांत ६२ टक्क्यांनी कमी झाल्याचं दिसलं. पण त्यात मुलं अवघी पंचवीस होती. म्हणून मुलांत आधी नाकाचा आणि ॲडेनॉइडचा उपचार आणि त्याच्या जोडीला व्यायाम, असाच क्रम मी सांगते. वाद्यांचंही एक गमतीशीर उदाहरण आहे. २००६ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये झोपेत श्वास अडणाऱ्या पंचवीस प्रौढांपैकी चौदा जणांना डिजरिडू हे ऑस्ट्रेलियातल्या आदिवासींचं लांब नळीचं वाद्य चार महिने वाजवायला दिलं. वाजवणाऱ्यांचा दिवसाचा पेंगुळपणा आणि श्वासाचा त्रास दोन्ही कमी झाले. आपल्या सातपुड्याच्या पट्ट्यात दुधी भोपळ्याची पावरी अजून वाजते. ती कुणी शिकवत असेल तर मुलाला जरूर पाठवा. त्याचा जबडा त्याने रुंद होणार नाही, पण श्वास आणि ओठ दोन्ही कामाला लागतील, आणि पावरी वाजवता येणं ही काय लहान गोष्ट आहे?

नाक मोकळं असेल, किंवा उपचाराने मोकळं झालं असेल, तर मुलाकडून काय करून घ्यायचं ते सांगते. पहिला खेळ घोड्याचा. सारंगखेड्याच्या यात्रेतले घोडे त्याने बघितले असतीलच. जीभ पूर्णपणे टाळूला चिकटवायची, तोंड उघडायचं आणि जीभ सोडताना टापांसारखा 'टॉक' असा आवाज काढायचा. बहुतेक मुलं फक्त टोक चिकटवतात आणि बारीक 'टिक' काढतात. पूर्ण जीभ चिकटली आहे का ते तोंडात बघा. जिभेखालचा पडदा ताणलेला दिसायला हवा. ती चिकटतच नसेल, आणि जीभ बाहेर काढल्यावर टोकाशी खाच पडून बदामासारखा आकार होत असेल, तर जीभ खालून बांधलेली असू शकते. मग व्यायामाचा हट्ट सोडून डॉक्टरांना दाखवा. आवाज चांगला जमला की जीभ तशीच चिकटवून दहा अंक मोजेपर्यंत तोंड उघडं धरायचं.

दुसरं, ओठांचं. वहीच्या कागदाची बोटभर रुंद पट्टी फक्त ओठांत धरायची, दातांत नाही, आणि गृहपाठाची दोन गणितं होईपर्यंत ती पडू द्यायची नाही. ओठ आवळायचे नाहीत, हलकेच मिटायचे. हनुवटीवर सुरकुत्या उठल्या तर तो जोर लावतोय असं समजा. तिसरं गिळण्याचं. पाण्याचा छोटा घोट, जिभेचं टोक 'न'च्या जागी, दाढा मिटलेल्या, मग गिळायचं. ओठ हलता कामा नयेत. आरशासमोर बसून पाच-सहा घोट पुरे. आणि रात्री झोपण्यापूर्वी ओठ मिटून भ्रामरीसारखा गुंजारव. सगळं मिळून पाच मिनिटं, दिवसातून दोनदा, निदान तीन महिने. दोरा बांधलेलं मोठं बटण दात आणि ओठांच्या मध्ये धरून ओढायचा एक प्रकार दाखवतात. तो डॉक्टरांच्या सांगण्याशिवाय करू नका. घरात चार वर्षांची बहीण आहे, तीही दादाचं बघून बटण तोंडात घालेल. फुग्यांच्या बाबतीतही हेच. फुटलेल्या फुग्याचा तुकडा श्वासनलिकेत गेला तर तो काढणं फार अवघड असतं. त्याऐवजी महाशिवरात्रीला तुमच्या गावच्या केदारेश्वराच्या यात्रेत पिपाणी घेऊन द्या. साबणाचे फुगेही चालतील.

आता भाकरी. सासूबाई 'चावून खा' म्हणत असतील तर त्यांची बाजू मी घेते. रॉबर्ट कोरुचिनी आणि मायकेल बीचर यांनी १९८२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात एकाच जातीच्या माकडांच्या एका गटाला कडक आणि दुसऱ्याला मऊ खाणं देऊन वाढवलं. मऊ खाणाऱ्यांच्या दातांची रचना जास्त बिघडली. माणसांत हे इतकं सरळ सिद्ध करता येत नाही. आनुवंशिकता आहे, दुधाचे दात किडून लवकर पडणं आहे. पण चावणारे स्नायू चावल्यानेच वाढतात, यात वाद नाही. तुमच्या घरात कळण्याची भाकरी होत असेलच. आधी कडेचा कुरकुरीत पापुद्रा त्याच्या हातात द्या. वरणात कुस्करणं हळूहळू कमी करा : आज अर्धी कुस्करलेली, अर्धी बुडवून, पुढच्या आठवड्यात नुसती बुडवून. गाजर, काकडी, पेरू, मक्याचं कणीस, उसाचं कांडं, हिवाळ्यात हरभऱ्याचे घाटे. दोन्ही बाजूंनी चावतो का ते बघा. एकाच बाजूने चावत असेल तर दुसरीकडे किडलेली दाढ असण्याची शक्यता जास्त. दुखरी दाढ ठेवून कुठलाही व्यायाम होत नाही. पण मूल चावत नाही याचं कारण पुन्हा नाकच असू शकतं, हेही ध्यानात ठेवा. नाक बंद असेल तर तोंड मिटून चावताना श्वास कोंडतो, म्हणून ही मुलं घास गिळायची घाई करतात, किंवा मऊच मागतात. नाक मोकळं झाल्यावर भाकरी आवडायला लागलेली मुलं मी पाहिली आहेत.

एक इशारा मात्र देते. चार वर्षांच्या मुलीला अख्खे शेंगदाणे, फुटाणे, भिजवलेले अख्खे हरभरे देऊ नका. हसता-रडताना ते श्वासनलिकेत जातात. लहान मुलांच्या श्वासनलिकेतून डॉक्टर ज्या वस्तू काढतात, त्यांत आपल्याकडे शेंगदाणे आणि चणे सगळ्यात वरच्या नंबरवर आहेत. कूट करून द्या, भरडून द्या.

त्या रबराच्या यंत्राबद्दल. असली यंत्रं दंतव्यंगोपचारात काही ठरावीक मुलांना, मापं घेऊन, डॉक्टरांच्या देखरेखीखाली देतात. घरपोच मागवून, सगळ्यांना एकाच मापाचं, हे मला मान्य नाही. नाक बंद असलेल्या मुलाने ते रात्री तोंडात घालून झोपणं तर धोक्याचंच आहे. ते पैसे वाचवून कान-नाक-घशाच्या डॉक्टरांची फी भरा. मोठ्या मुलांत जीभ टाळूला दाबून जबडा टोकदार करायचं 'म्यूइंग'चं वेड आहे. जॉन म्यू या इंग्लंडमधल्या दंतवैद्यांच्या नावावरून ते आलं. चेहरा त्याने बदलतो याचा पुरावा नाही, असं अमेरिकेतल्या दंतव्यंगोपचार तज्ज्ञांच्या संघटनेने जाहीरपणे सांगितलंय.

आता तुमची लेक. चार वर्षांच्या मुलीने 'र'चा 'ल' करणं ही चिंतेची गोष्ट नाही. 'र' सगळ्यात उशिरा येणाऱ्या आवाजांपैकी आहे. सहा वर्षांपर्यंत थांबायला हरकत नाही. आणि नुसते जिभेचे व्यायाम करून, शिट्ट्या वाजवून, गाल फुगवून उच्चार सुधारतात, हा समज खरा ठरलेला नाही. उच्चार सुधारतो तो उच्चार ऐकून आणि करून. ती 'लिक्षा' म्हणाली की तिला थांबवू नका, 'चुकलीस' म्हणू नका. तुम्ही सहज म्हणा, 'हो, रिक्षा आली. रिक्षात कोण बसलंय?' एवढं रोज चारदा झालं तरी पुष्कळ. तिचं बोलणं घराबाहेरच्या माणसांना अजिबात कळत नसेल, किंवा शब्दच थोडे असतील, तर आधी कानांची तपासणी करा.

तुमच्या घरात अहिराणी असेल तर हेही सांगायला हवं. अहिराणीत 'डोळा'चा 'डोया' होतो, 'काळा'चा 'काया'. अशा घरातलं मूल शाळेत 'डोया' म्हणालं तर तो जिभेचा दोष नव्हे, त्याची घरची भाषा आहे. असल्या मुलांना व्यायाम सांगणारे शिक्षक भेटतात, याचं मला वाईट वाटतं.

वेखंड मात्र थांबवा. सासूबाईंची माया मला समजते. पिढ्यान्‌पिढ्या हे चालत आलंय. पण वेखंडात बीटा-असारोन नावाचा घटक असतो आणि तो शरीराला अपायकारक आहे. अमेरिकेत १९६८ पासून खाण्याच्या पदार्थांत वेखंड घालायला बंदी आहे. सासूबाईंना म्हणा, त्याऐवजी रोज रात्री नातीला गोष्ट सांगा. 'र' यायला त्याचाच उपयोग होईल. आणि कुणाच्या घरी वर्षाच्या आतलं बाळ असेल तर त्याला मधाचं बोटही चाटवू नका. मधातल्या जंतूंपासून बाळाला जिवावर बेतणारा आजार होऊ शकतो.

भाच्याचं वाचून मला सगळ्यात जास्त काळजी वाटली. सुपारी खाणाऱ्या मुलाचं तोंड कमी उघडू लागलं तर तो बहुधा सबम्यूकस फायब्रोसिस असतो. सुपारीतल्या अल्कलॉइडमुळे गालाच्या आतल्या मऊ अस्तराखाली कडक तंतू साठत जातात. डॉ. एस. जी. जोशी यांनी १९५३ मध्ये भारतातल्या रुग्णांत याचं वर्णन केलं. आधी तिखट झोंबतं, मग आतली कातडी पांढुरकी आणि ताठ होते, मग तोंड उघडेनासं होतं. पुढे काहींना तिथेच कॅन्सर होतो. पुडीत तंबाखू नसली तरी हे होतं, म्हणून 'नुसती सुपारी आहे' या म्हणण्याला अर्थ नाही. आपल्या राज्यात २०१२ पासून गुटख्यावर बंदी आहे, पण पोराच्या खिशातली पुडी आपल्यालाच बघायला हवी.

त्याला त्याचीच तीन बोटं, तर्जनी, मधलं आणि अनामिका, एकावर एक उभी तोंडात घालायला सांगा. पहिल्या पेराच्या सांध्यापर्यंत तिन्ही बसायला हवीत. दोनच बसली तर या आठवड्यात दंतवैद्य गाठा. व्यायाम इथे खरोखर लागतात : आइस्क्रीमच्या काड्यांचा गठ्ठा दाढांमध्ये धरून, आठवड्याला एकेक काडी वाढवत तोंड उघडणं, गाल फुगवून धरणं. ते डॉक्टरांनी माप घेऊन सांगितल्याप्रमाणेच करायचे. पण सुपारी चालू ठेवून केलेले व्यायाम वाया जातात. साठलेले तंतू परत पूर्ण मऊ होत नाहीत. लवकर थांबवलं तर पुढचं बरंचसं वाचतं. त्याला ओरडण्यापेक्षा आरशासमोर उभं करून ती तीन बोटं घालायला लावा.

कुठे दाखवायचं? राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ मध्ये आपल्याच राज्यात पालघरला सुरू झाला. त्याचं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि सरकारी शाळेत एकदा मुलं तपासतं. अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांचे दात, कान, उशिरा बोलणं हे सगळं त्यात येतं आणि पुढचे उपचार मोफत आहेत. पथक कधी येणार ते मुलाच्या मुख्याध्यापकांना आणि मुलीच्या अंगणवाडीताईंना विचारा. वाट बघायची नसेल तर नंदुरबारला जिल्हा रुग्णालय आहे, आणि मुलांच्या दातांचा स्वतंत्र विभाग हवा असेल तर धुळ्यात दंत महाविद्यालय आहे. जाण्याआधी एका रात्री मुलगा गाढ झोपला की दिवा लावून त्याच्या छातीचा आणि चेहऱ्याचा दोन मिनिटांचा व्हिडिओ काढा, घोरण्याच्या आवाजासकट. तपासणीच्या खोलीत मूल जागं असतं, तिथे डॉक्टरांना हे दिसत नाही. आरशावरचे ठसे कसे आले, पाणी किती वेळ धरलं, अंथरूण ओलं होतं का, हे एका कागदावर लिहून सोबत न्या.